वातापीचा चहा

चहा प्यावा की न प्यावा, याबद्दल डॉक्टर बोलतात. चहा कुणाच्या पैशानं प्यावा, याबद्दल कुणीच बोलत नाही. वास्तविक पित्त होतं ते या दुसऱ्या प्रश्नानं. गेली वीस वर्षं मी या प्रश्नावर विचार करतो आहे. आणि विचार करायचा म्हणजे चहा लागतो, त्यामुळं प्रश्न अधिकच बिकट होत गेला आहे.

आमच्या बँकेसमोर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पाच टेबलं, एक गल्ला, गल्ल्यामागं मालक आणि मालकांच्या डोक्यावर ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी. मी नोकरीला लागल्यापासून ती पाटी पाहतो आहे. तो ‘उद्या’ काही अजून उजाडलेला नाही. हे हॉटेल अकोल्यात आहे, असं लिहिलं की वाचक विदर्भात जाऊन पोहोचतात. ते अकोला. आमचं अकोले. प्रवरेकाठचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, ज्याच्या तालुक्यात कळसूबाई आहे ते. पण व्याकरणाला एवढी भूगोलाची जाण नसल्यामुळं सप्तमी लागली की दोन्ही ‘अकोल्यात’च होतात, आणि माझ्या लग्नाच्या वेळचा एक आहेर त्यामुळंच आमच्यापर्यंत कधी पोहोचला नाही असं आमचे एक मामा आजही छातीठोकपणे सांगतात.

पूर्वी हॉटेलात बिल देण्याची एक रीत होती. चहा संपत आला की मंडळी एकमेकांच्या हाताकडं बघायला लागत. एकजण उठे, दुसरा त्याचा दंड धरी, तिसरा गल्ल्याकडं धाव घेऊन ‘यांचे घेऊ नका हं!’ असा मालकांनाच दम भरी. ज्याला खरोखर पैसे द्यायचे नसत तो सगळ्यात मोठ्यांदा ओरडे, आणि त्याचं पाकीट नेमकं खिशात अडकून बसे. आमच्याकडं एक हेडकॅशिअर होते. ते रिटायर होईपर्यंत त्यांचं पाकीट खिशातून संपूर्ण बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. आता ती झोंबाझोंबी संपली. गल्ल्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला आहे. ज्याच्या मोबाइलला रेंज तो दाता. पैसे गेले की शेजारचा डबा ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ अशी दवंडी पिटतो. कुणी दिले, ते मात्र डबा सांगत नाही. ते सांगण्याचं काम पैसे देणारा माणूस पुढं सवडीनं करतो.

माझ्या बाबतीत ते काम गावातल्या एका व्यापाऱ्यांनी केलं. मी एकटाच मिसळ खात होतो. ते पलीकडच्या टेबलावर होते. मी हात धुऊन गल्ल्यावर गेलो तर मालक म्हणाले, ‘‘तुमचे आले.’’ मी मागं वळून पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, जणू मी त्यांच्या मुंजीतला पाहुणा. पुढच्या आठवड्यात कांदाभजी. त्याच्या पुढच्या आठवड्यात चहा, तोही स्पेशल. मला यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कारकुनाच्या आयुष्यात आपल्या भज्यांचे पैसे दुसऱ्यानं देण्याइतकं आपलं महत्त्व आहे, असं वाटण्याचे प्रसंग थोडे येतात.

चौथ्या आठवड्यात बाजाराचा दिवस होता. माझ्या खिडकीपुढं रांग दारापर्यंत गेलेली. तेवढ्यात काउंटरच्या बाजूनं एक हात आत आला, हातात दोन स्लिपा, आणि त्यामागून आवाज : ‘‘एवढं जरा बघा.’’ ‘मिसळ आठवते ना’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती. मिसळ मला आठवत होती. मी स्लिपा घेतल्या. काम दहा मिनिटांचं होतं. पुढं उभी असलेली रतनवाडीकडची एक बाई काही बोलली नाही. तिचे पैसे मोजून दिले तेव्हा तिनं शिपायाला विचारलं, ‘‘गाडी गेली असंल का?’’ गाडी गेली होती. पुढची संध्याकाळी. दुपारी मी चहाला गेलो तेव्हा ती स्टँडच्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदाच हॉटेलात भिंतीकडं तोंड करून बसलो.

आमच्या गावाला या विषयाचा जुना अनुभव आहे. इथं नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, आणि अगस्तींची महाभारतातल्या वनपर्वातली गोष्ट मुळात पाहुणचाराची आहे. इल्वल नावाचा दैत्य आपल्या भावाला, वातापीला, बोकड करून त्याचं मटण अतिथीला वाढायचा. जेवण झालं की हाक मारायचा, ‘वातापी, बाहेर ये!’ आणि वातापी अतिथीचं पोट फाडून बाहेर यायचा. अगस्तींनी मात्र सगळं ताट साफ केलं, पोटावरून हात फिरवला आणि वातापीला जागच्या जागी पचवून टाकलं. लहानपणी ही गोष्ट मला भुताखेताची वाटायची. आता ती मला शुद्ध व्यवहाराची वाटते. माझ्या पोटात तीन आठवड्यांची मिसळ-भजी निमूट पडून होती. ‘एवढं जरा बघा’ अशी हाक आल्याबरोबर ती बाहेर आली. फरक एवढाच, की पोट माझं फाटलं नाही. त्या बाईची गाडी चुकली.

या गोष्टीचा आधीचा भाग लोक सांगत नाहीत, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाला खरा रस तिथंच आहे. अगस्ती इल्वलाकडं गेले ते पैशासाठी, आणि तेही बायकोच्या सांगण्यावरून. लोपामुद्रा राजाची मुलगी; तिला माहेरसारखं राहायचं होतं. तेव्हा ऋषी आधी तीन राजांकडं गेले. राजांनी जमाखर्च पुढं ठेवला. अगस्तींनी पाहिलं तर जमा तेवढाच खर्च. इथून काही घेतलं तर प्रजेला त्रास होणार. त्यांनी एक पैही घेतली नाही. वह्या तपासून, ‘तुमच्याकडून घेणं बरोबर नाही’ असं म्हणून उठणारा हा पहिलाच इन्स्पेक्टर असावा. आमच्याकडं इन्स्पेक्शनला येणारे आधी राजूरचे पेढे कुठं चांगले मिळतात ते विचारतात.

तर त्या दिवशी मी प्रतिज्ञा केली की यापुढं कुणाचाही चहा प्यायचा नाही. प्रतिज्ञेला आधार असावा म्हणून नियमांचं पुस्तक काढलं. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणं आमच्यासारखे कारकूनसुद्धा लोकसेवक ठरतात, एवढं मला माहीत होतं. पण केंद्र सरकारच्या १९६४ सालच्या वर्तणूक नियमांत भेटवस्तूंच्या नियमाखाली एक टीप आहे, ती वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एखाद्या वेळचं जेवण, गाडीतून सोडणं किंवा असला समाजातला पाहुणचार ही भेट समजू नये, असं त्या टिपेत आहे. लगेच खाली दुसरी टीप : ज्याचं आपल्याकडं सरकारी काम आहे त्याच्याकडून थाटाचा किंवा वारंवार पाहुणचार टाळावा. हे नियम काही बँकेच्या कारकुनासाठी केलेले नाहीत, पण सरकारलाही चहाचा प्रश्न पडला होता हे पाहून मला धीर आला. मग प्रश्न एवढाच उरला की मिसळ थाटाची कधी होते. वर जादा फरसाण घातल्यावर? आणि तीन आठवड्यांत तीनदा म्हणजे वारंवार की एखाद्या वेळी?

‘‘तुम्हाला लाच द्यायला कोण बसलंय?’’ आमची सौ. म्हणाली. ‘‘तुमच्या हातात आहे काय?’’ तरी तिनं थर्मास भरून द्यायला सुरुवात केली. सहा महिने मी तो चहा प्यायलो. त्याला थर्मासच्या बुचाचा वास यायचा, पण चारित्र्याला थोडा वास येणारच अशी मी समजूत घातली.

अशात एक दिवस राजूरच्याही पलीकडून, डोंगरातून एक म्हातारेबाबा आले. केवायसी केली नाही म्हणून त्यांचं खातं बंद पडलेलं आणि पेन्शन अडकलेलं. तिसरी खेप होती त्यांची. मी फॉर्म भरला, झेरॉक्स काढवल्या, अंगठा घेतला, साहेबांची सही आणली. यात उपकार कसला नव्हता. दुसऱ्या खेपेलाच व्हायला हवं होतं ते तिसऱ्या खेपेला झालं, इतकंच. बाबा पासबुक पिशवीत ठेवून म्हणाले, ‘‘चला सायेब, च्या घेऊ.’’

मी नियमाच्या तंद्रीत म्हणालो, ‘‘नको बाबा. आम्हाला चालत नाही.’’

बाबा जरा थांबले. रागावले नाहीत. थोडंसं हसून म्हणाले, ‘‘च्याच चालत न्हाई, का आमचा चालत न्हाई?’’ आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरून गेले.

त्या वेळी माझ्या तोंडात थर्मासचा चहा होता. तो गिळायला वेळ लागला. ‘तुमचा चालत नाही’ हे वाक्य या माणसानं आयुष्यात किती ठिकाणी ऐकलं असेल, आणि त्याच्या बापानं किती ठिकाणी? आपल्याकडं हॉटेलं निघाली तेव्हा काही लोकांच्या कपबश्या बाहेर, खांबाजवळ वेगळ्या ठेवलेल्या असत, ही काही पुराणातली गोष्ट नाही. कोल्हापूरला गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, ते शाहू महाराजांच्या पाठबळानं. अस्पृश्याच्या हॉटेलात कोण येणार, म्हणून गाव बघत बसलं. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेत, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावत. १९२२ साली महाराज गेले, त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मोठ्या माणसानं गरिबाला चहा पाजणं सोपं असतं. पाजणाऱ्याच्या मिशा वर जातात. महाराजांनी उलटं केलं. त्यांनी घेतला. आणि मी, तीन स्लिपांच्या फॉर्मचा धनी, एका म्हाताऱ्याला दहा रुपयांची बरोबरी करू देत नव्हतो, तीही नियमावर बोट ठेवून.

आम्हाला कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवतात : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाचं दुहेरी नोंदीवरचं लिखाण १४९४ साली व्हेनिसला छापलं गेलं, तेव्हापासून जगाचे व्यवहार असे लिहिले जातात. (ज्यानं स्वतःजवळ काही ठेवायचं नाही त्यानं दुसऱ्यांच्या ठेवण्याचे हिशोब शिकवावेत, ही गंमत आमच्या प्राध्यापकांनी कधी सांगितली नाही.) मी व्यापाऱ्याचा चहा आणि बाबांचा चहा एकाच खात्यात लिहीत होतो, कारण वहीला चहाची किंमत कळते, हाक मारणारा कोण ते कळत नाही. पण मग आधी ओळखायचं कसं? बोकडाच्या मटणाला काही वातापीचा वास येत नव्हता.

इटलीत नेपल्सला यावर एक तोडगा आहे. तिथला माणूस कधीकधी एक कॉफी पितो आणि दोन कॉफींचे पैसे देऊन जातो. दुसरी कॉफी गल्ल्यावर टांगून ठेवायची. मागाहून एखादा फाटका माणूस येतो, ‘टांगलेली आहे का?’ विचारतो आणि पिऊन जातो. देणारा कोण ते घेणाऱ्याला ठाऊक नाही. म्हणजे नावे नाही, जमा नाही, हाक मारायची सोय नाही. मला हे फार पसंत पडलं. दुसऱ्याच दिवशी मी हॉटेलात गेलो आणि मालकांपुढं चाळीस रुपये ठेवले.

‘‘डोंगराकडचं कुणी म्हातारंकोतारं आलं तर चहा द्या.’’

‘‘कुणाच्या नावानं लिहू?’’

‘‘कुणाच्याच नाही.’’

‘‘मग लिहू कसं?’’ मालकांनी वही मिटली. ‘‘साहेब, बँकेत काही भानगड झालीय का?’’

आठवडाभर काही हालचाल नाही. मग मालकांनीच सांगितलं, ‘‘दोघांना विचारून बघितलं. पैसे आलेत म्हटलं, चहा घ्या. तर विचारतात, कुणी दिले? मी म्हटलं, सांगायचं नाही. तर म्हणतात, मग ऱ्हाऊ दे, कुणाचं काय मनात आसंल. पाणी पिऊन गेले.’’ इल्वलाची गोष्ट त्यांनाही माहीत होती म्हणायची.

महिन्यानं बाबा पेन्शन काढायला आले. त्यांच्या पुढं अकरा माणसं होती. ती अकरा झाली, मग बाबांचा नंबर आला. पैसे मोजून दिले, आणि खिडकी पुढच्या पोरीच्या हवाली करून मी त्यांच्यामागं पायऱ्या उतरलो.

‘‘बाबा, त्या दिवशीचा चहा राहिलाय.’’

बाबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग काही न बोलता ते पुढं आणि मी मागं असे आम्ही हॉटेलात शिरलो. मालकांनी चाळीस रुपयांची आठवण द्यायला तोंड उघडलं. मी डोळे वटारले. चहा आला. बाबांनी बशीत ओतला, मीही बशीत ओतला. पँटवर सांडला, पण ते सवयीचं आहे. निम्मी बशी झाल्यावर बाबा म्हणाले, ‘‘सायेब, येक काम हुतं.’’

माझ्या पोटात वातापी हलला. नातवाचं कर्ज? जामीन? मी बशी खाली ठेवली.

‘‘बोला ना.’’

‘‘राजूरकडं आता गाडी कितीला हाय?’’

मी उठून स्टँडवर जाऊन पाटी बघून आलो. सव्वाचारला होती, वेळ होता. तेवढ्यात बाबा गल्ल्यापाशी पोहोचलेले. मी धावलो नाही, दंड धरला नाही. त्यांनी कंबरेची पिशवी सोडली, दहा-दहाच्या दोन नोटा उलगडून मालकांपुढं ठेवल्या. रोख होते, त्यामुळं डबा काही बोलला नाही.