फलत्याग आणि अनुबंध

गीतेचे वाचन ज्या घरांत नित्य होते, तेथे एक शंका वारंवार निघते. फळाची आशा सोडून कर्म करावे, असे भगवंतांनी अर्जुनाला सांगितले. मग त्या कर्मातून पुढे काय निष्पन्न होते याची काळजी कर्त्याने का वाहावी? आपल्या वाट्याचे काम करून मोकळे व्हावे, पुढचे ईश्वर पाहील, असा सोयीचा अर्थ पुष्कळांनी काढून ठेवला आहे. तो भक्तीसारखा दिसतो खरा. पण त्याची परीक्षा पोथीपुढे बसून होत नाही. एकाच्या हातचे काम दुसऱ्याच्या घरात पिढी दोन पिढ्या उभे राहते, अशा सुतारशाळेसारख्या ठिकाणी ती होते.

समजा, एका गृहस्थाने देवघरासाठी दोन झडपांचे सागवानी दार करावयास सांगितले. घरातील वृद्ध माता पाटावर बसून जप करते. दार लोटलेले असतानाही तिला समईची ज्योत दिसावी, म्हणून काचेची तावदाने पार खालपर्यंत हवीत. सुतार लाकूड निवडू लागतो. सालीलगतचे पांढरट लाकूड लवकर किडते, म्हणून ते टाकून गाभ्याचे घेतो. ते पुरते वाळले आहे की नाही हे पाहतो, कारण ओले लाकूड पुढे आकसते आणि पिळते. वाळलेले लाकूडही निश्चल नसते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. यासाठीच दार एका रुंद सलग फळीचे न करता उभ्या-आडव्या दांड्यांचे करतात. आडव्या दांड्याच्या टोकाला कुसू काढून ते उभ्या दांड्यातील भोकात घट्ट बसवतात. तळाशी लहानशी फळी असलीच तर ती खोबणीत मोकळी सोडतात, सरसाने जखडत नाहीत, नाही तर ती तडकते. कुसू एकदा आत गेले की ते जन्मात कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ते आखूड काढले तरी दार पहिल्या दिवशी तितकेच देखणे दिसते.

इथवर सुतार आणि गृहस्थ यांत मतभेद नाही. तो होतो काचेपाशी. गृहस्थ म्हणतो, "मिस्त्री, साधी काच बसवा. एवढ्याशा दाराला जादा पैसे कशाला?" साधी काच फुटली म्हणजे तिचे लांब, सुरीसारखे धारदार तुकडे होतात. कडक केलेल्या काचेची, जिला बाजारात टफन्ड म्हणतात, गोष्ट निराळी आहे. ती आधी मापात कापून ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो, ती साध्या काचेच्या कितीतरी पट बळकट होते, आणि फुटलीच तर तिचे बारीक बोथट कण होतात. ज्या घरात हे दार लागणार तेथे नुकताच धावू लागलेला नातू आहे, आणि तावदान जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होते.

सुतार वाटेल तर म्हणू शकेल की गिऱ्हाइकाची आज्ञा पाळणे हेच माझे कर्म, पुढे काय होईल ते फळ, आणि फळावर माझा अधिकार नाही. हे बोलणे गीतेच्या शब्दांत बसवता येते, म्हणूनच ते धोक्याचे आहे.

अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्माचे लक्षण सांगताना कर्त्याला फळाची इच्छा नसावी असे तेविसाव्या श्लोकात म्हटले आहे. त्यानंतर दोनच श्लोकांनी तामस कर्माचे लक्षण येते, आणि ते वाचताना पुष्कळांची दृष्टी घसरते. अनुबंध, क्षय, हिंसा आणि स्वतःचे पौरुष यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. अनुबंध म्हणजे कर्माच्या मागे बांधलेले; आचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ मागाहून येणारी वस्तू असा दिला आहे. मराठीत फळ आणि अनुबंध या दोहोंना 'परिणाम' हा एकच शब्द लावला की घोटाळा झालाच म्हणून समजावे. कर्ता ज्याची स्वतःसाठी वाट पाहतो ते फळ: मजुरी, नाव, पुढचे गिऱ्हाईक. कर्ता घरी गेल्यावरही कर्मामागून चालत राहतो तो अनुबंध, आणि तो बहुधा दुसऱ्याच्या अंगावर येतो. फळाची इच्छा सोडायला सांगणारे भगवान अनुबंधाकडे पाठ फिरवणाऱ्याला तामस म्हणतात. तेव्हा नातवाच्या हाताला काच लागेल काय, हा प्रश्न सुताराच्या फळाचा नव्हे. त्याचा विचार करण्याने निष्कामतेला बाध येत नाही. न करण्याने मात्र येतो, कारण तो टाळण्यामागे मजुरी हातची जाऊ नये ही फळाचीच आशा लपलेली असते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक कठीण आहे. धूर जसा अग्नीला तसा दोष प्रत्येक कर्माला चिकटलेला आहे, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. मग एवढ्या एका दोषाचे काय? येथे विवेक करावा लागतो. सागवानाचे दार करायचे तर सागाचे झाड पडणारच. हा दोष त्या धंद्याबरोबर जन्मलेला आहे, आणि तेवढ्यासाठी सुताराने सुतारकी सोडू नये. साधी काच तशी नाही. ती बसवल्यावाचूनही दार होते. टाळता येणाऱ्या दोषाला सहजदोष म्हणणे ही पळवाट आहे.

मग सुताराने काय करावे? गृहस्थाला न कळवता महाग काच बसवून बिलात ती भरून काढणे हे कपट, हेतू कितीही चांगला असो. त्याने स्पष्ट सांगावे आणि पर्याय पुढे ठेवावेत. खालचा अर्धा भाग लाकडी केला तर खर्च वाचतो, पण मग मातेला ज्योत दिसत नाही. तेव्हा तो येथे उपयोगी नाही. दांड्यांवरची वेलबुट्टी गाळून तोच पैसा काचेकडे वळवणे हा मार्ग मोकळा आहे. गृहस्थालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. कर्ज काढून घर बांधणाऱ्याला प्रत्येक रुपया मोजावा लागतो. तरी जी वेलबुट्टी पाहुण्यांना दिसते तिच्यावर हात सैल आणि जी काच कशी आहे हे कोणाला कळत नाही तेथे आखडता, ही रीत बहुतेक घरांत आढळते. फळ आणि अनुबंध यांचा प्रश्न जितका सुताराचा तितकाच काम सांगणाऱ्याचाही आहे.

एवढे सांगूनही गृहस्थाने ऐकले नाही तर? काम सोडले तर सुताराच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो, आणि दुसरा कोणी साधी काच बसवून देतोच. हे दुःख खोटे नाही, आणि निष्काम कर्माच्या नावाने त्याला हलके लेखू नये. परंतु दुसरा करील एवढ्याने ते आपल्या हातून होणे योग्य ठरत नाही. पौरुषाचा विचार करावा असे जे म्हटले आहे त्यात आपल्या शक्तीची मर्यादाही येते: दुसऱ्याच्या हातावर सुताराची सत्ता नाही, स्वतःच्या हातावर आहे. सिद्धी-असिद्धीविषयी सम राहण्याची पाळी यानंतर येते. सर्व सावधगिरी घेऊनही पुढे काही अनिष्ट घडले तर त्याने स्वतःला जाळीत बसू नये. सावधगिरी न घेता जो शांत राहतो, त्याच्या शांतीला समत्व म्हणता येणार नाही.

गृहस्थ कबूल झाला, तर सुताराचे काम अधिक नाजूक होते. कडक केलेली काच मागाहून कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि तिच्या कडेला टवका गेला तर ती सबंध फुटू शकते. म्हणून झडपा पुऱ्या जुळल्यावरच तो खाचेचे माप घेतो, चारी बाजूंनी थोडी जागा मोकळी धरतो, काच लाकडावर थेट न टेकवता खाली रबराचे तुकडे ठेवतो, आणि वरची पट्टी ठोकताना खिळा काचेला कोठे शिवत नाही ना, हे प्रत्येक तावदानापाशी वाकून पाहतो.