खमावायचं कुणाला?

संवत्सरीला लेक पुण्याहून आली होती. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. प्रतिक्रमणाला निघण्याआधी तिने शंभरेक जणांना एकदमच 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवलं, आणि म्हणाली, "आई, एकाला नाही पाठवलं."

गेल्या महिन्यात त्यांच्या प्रोग्राममुळे कुणा ग्राहकाची बिलं चुकली. चूक हिची. मीटिंगमध्ये ठपका आला टेस्टिंगच्या नव्या मुलावर, त्याने पकडायला हवी होती म्हणून. ही गप्प राहिली. त्याचं प्रोबेशन वाढलं. "मी खोटं कुठे बोलले? आणि तो दुसऱ्या टीमचा." ऑफिसच्या भिंतीवर म्हणे 'पारदर्शकता' लिहिलंय. त्याला मी हसत नाही, आमच्या उपाश्रयाच्या भिंतीवरही पुष्कळ काही लिहिलेलं आहे.

टीम वेगळी म्हणजे काय? आमच्या लालबागच्या कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्याही वरून वेगळ्याच दिसतात. खालून 1615 पासून एकच पाणी वाहतंय.

ब्रिटनच्या पोस्टात 1999 पासून फुजित्सूची 'होरायझन' प्रणाली आली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवी. नऊशेहून जास्त माणसं चोर ठरली. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा 2010 मध्ये गरोदरपणी तुरुंगात गेल्या. प्रणालीत दोष आहेत हे आतल्या काहींना माहीत होतं. शिक्षा रद्द करायला 2024 मध्ये संसदेला कायदा करावा लागला. ते सगळेच खोटारडे असतील असं मला वाटत नाही. पुष्कळसे माझ्या लेकीसारखे नुसते गप्प असतील.

आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं: करणं, करवणं, अनुमोदन देणं. सामायिकात गृहस्थ पहिल्या दोनच वाटा बंद करतो. संसारात राहून प्रत्येक गोष्टीतून अंग काढता येत नाही, म्हणून तिसरीची सूट. लेकीने नेमकी तीच पुढे केली. अगं, पण ती दुसऱ्याच्या पापापुरती. इथे चूक तुझी होती.

तिची अडचणही खरी आहे. उपाश्रयात शेठाणीपासून माझ्यापर्यंत सगळ्या एकत्र बसून चुका कबूल करतो, म्हणून जीभ वळते. ऑफिसात एकटीने उभं राहायचं, तेही पगारवाढीच्या तोंडावर. तिथे आधी साहेबाने आपली चूक सांगितली असती तर हिला सोपं गेलं असतं.

"त्याला मेसेज टाकू?" तिने विचारलं.

"त्याला काय टाकतेस? त्याला माहीतच आहे त्याची चूक नव्हती ते. साहेबाला सांग."

रात्री परतल्यावर तिने साहेबाला फोन लावला. उचलला नाही. सकाळी स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा मोबाइल तिच्या हातातच होता.