अनोळखी नंबर

माझी मोटार आता नऊ वर्षांची झाली. तिचा रंग विटला आहे, डाव्या बाजूचे मागचे दार दोनदा आदळल्याशिवाय लागत नाही, आणि चिखलदऱ्याचा घाट चढताना ती दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकते. अशा या मोटारीची काळजी वाहणारे माझ्याखेरीज जगात कोणी असेल, असे मला वाटले नव्हते. पण आहेत. आठवड्यातून दोनदा तरी, बहुधा मी जेवायला बसलो असताना, टेलिफोन वाजतो आणि एक मंजूळ आवाज म्हणतो, “सर, आपल्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे. आजच वाढवून घ्या.” वास्तविक ती वॉरंटी संपून कैक वर्षे लोटली. पण गाडीचा नंबर, ती घेतल्याची तारीख, माझे नाव हे सारे त्या आवाजाला ठाऊक असते. माझ्या धाकट्या भावालाही यातले निम्मे ठाऊक नसेल.

एकदा मी अशी वाढीव वॉरंटी घेतलीही होती. पुढे क्लच गेला तेव्हा कळले, की क्लच हा ‘झिजणारा भाग’ आहे, आणि झिजणारे भाग हमीत धरत नाहीत. ब्रेकचे पॅड, टायर, बॅटरी हेही सगळे झिजणारेच. मग न झिजणारे उरले काय, असे मी विचारले. त्यावर पलीकडच्या गृहस्थांनी छापील कागदातले एक कलम वाचून दाखवले. चूक त्यांची नव्हती. कागद मीच वाचला नव्हता. पण त्या दिवसापासून मी पुरता सावध झालो. अनोळखी नंबर दिसला की तोडायचा, आणि चुकून उचललाच तर “वॉरंटी नको!” एवढे ओरडून ठेवून द्यायचा. घरात माझ्या या व्यवहारज्ञानाचे कौतुकही होऊ लागले.

गेल्या आषाढातली गोष्ट. दुपारी एक अनोळखी नंबर तीनदा आला. दोनदा मी तोडला. तिसऱ्यांदा उचलला आणि समोरचा “हॅलो, भाऊ...” म्हणतो न म्हणतो तोच नेहमीचा मंत्र म्हणून फोन ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा तोच नंबर आला. आता चांगले खडसावायचे म्हणून मी उचलला, तर आवाज आला, “ठेवू नका भाऊ. तुमचे जावई इथं अकोल्याच्या बसस्टँडसमोर चक्कर येऊन पडले हायत.”

आमचे भाऊजी दर्यापुराहून कामासाठी अकोल्यास गेले होते. त्यांचा फोन बंद पडला होता, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना एकच नंबर आठवला. तो माझा, कारण वीस वर्षांत मी तो बदललेला नाही. मी निघालो. या महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून विक्रम झाला होता. रस्ता खरोखर उत्तम आहे. पण त्या दिवशी बडनेरा ते मूर्तिजापूर हे अंतर काही केल्या सरेना. गाडी धावत होती, आणि मनात एकच हिशेब चालला होता: तो अर्धा तास.

सुदैवाने दुखणे मोठे नव्हते. साखर उतरली होती. दवाखान्याच्या बाकावर भाऊजींच्या शेजारी एक पानटपरीवाला बसला होता. आपली टपरी शेजाऱ्यावर सोपवून तो तीन तास तिथे थांबला होता. मी हात जोडून क्षमा मागू लागलो, तर तो म्हणाला, “जाऊ द्या नं भाऊ. मीबी अनोळखी नंबर उचलत नाई.”

त्याने मला रागाने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. त्याच्या या क्षमेनेच मला विचारात पाडले. फोन तोडणारा मी एकटाच नव्हतो. ज्याने माझ्या माणसाला सावरले तोही तसेच करीत होता. उद्या त्याचा मुलगा कुठे रस्त्यात पडला, आणि एखाद्या भल्या माणसाने त्याला फोन लावला, तर तोही तो तोडणारच.

खोटी वचने देऊ नयेत याचे कारण जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली मोठे नेमके सांगितले आहे. सगळेच खोटे वचन देऊ लागले, तर वचन या वस्तूलाच किंमत उरणार नाही. म्हणजे फसवणारा जगतो तो इतरांच्या खरेपणावर. तो विश्वासाच्या गायरानात आपली गुरे चोरून चारतो. गायरान उजाड होते ते साऱ्या गावाचे. अमेरिकेत मोटारींच्या वॉरंटीचे यंत्राने केलेले खोटे फोन इतके माजले, की २०२१ साली एकाच टोळीने तीन महिन्यांत पाच अब्जांवर फोन केल्याचे उघड झाले, आणि २०२३ साली तिला तीस कोटी डॉलरच्या घरात दंड झाला. पण त्या फोनांमुळे लोकांनी न उचललेल्या खऱ्या फोनांचा दंड कोणी भरायचा? तो कुठल्याच खात्यात मांडता येत नाही.

कोणी म्हणेल, मग काय प्रत्येकावर विश्वास ठेवायचा? आयुष्यभराची पुंजी एका फोनवर घालवून बसलेले वृद्ध आपण पाहतो. त्यांना ‘माणसावर विश्वास ठेवा’ असा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. हा आक्षेप मला मान्य आहे. भोळेपणा हा सद्गुण नव्हे.

पण या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या वऱ्हाडानेच पूर्वी शोधले होते. पूर्वी शेतमालाच्या अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचे काय झाले ते कळतच नसे. वजनात घट, नमुन्याच्या नावाने मूठ मूठ माल, वर नाना नावांच्या कपाती. शेतकऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? १८८६ साली कारंज्याला कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. इंग्रज सरकारला गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, हे खरे. पण त्यातला धडा आपल्या उपयोगाचा आहे. माणसे साधू व्हावीत म्हणून त्या कायद्याने वाट पाहिली नाही. त्याने व्यवहारालाच नियम घातले. ताजवा खरा असेल तर तोलाऱ्याचे मन तपासत बसावे लागत नाही.

आजही असे ताजवे आहेत. नको असलेल्या व्यापारी फोनांसाठी दूरसंचार नियामकांचे २०१८ चे नियम आहेत, १९०९ वर आपला नकार नोंदवता येतो; २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक आयोग आहेत. हे ताजवे पुष्कळदा कलतात, हेही खरे. पण ते सरळ करण्याची खटपट आपण करीत नाही. मीही कधी तक्रार नोंदवली नव्हती. तक्रारीला कष्ट पडतात. संशयाला काहीच पडत नाहीत. म्हणून आपण चोराचा हिशेब चोराकडे न मागता पुढच्या निरपराध माणसाकडे मागतो.

माझी चूक मला आता कळते. पैसे देणे आणि ऐकून घेणे या दोन गोष्टी मी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. पैसे देताना संशय असावा, कागद शेवटच्या कलमापर्यंत वाचावा, नंबर, गुपिते कोणाला सांगू नयेत. पण “कोण बोलतंय?” एवढे विचारण्याने कोणाची पुंजी जात नाही.

राखी पौर्णिमेला बहीण आली होती. तिने राखी बांधली आणि हसत म्हणाली, “दादा, ओवाळणी नको. यांचा फोन आला तर उचलत जा म्हणजे झालं.” भाऊजीही हसले. मी हसलो खरा, पण मान वर करवेना.

तेव्हापासून मी अनोळखी नंबर उचलतो. नको त्या फोनांची तक्रारही १९०९ वर नोंदवतो. परवा फराळाचे सामान आणायला निघालो होतो, तर पुन्हा तोच मंजूळ आवाज. मी म्हणालो, “ताई, वॉरंटी नको आहे मला. दिवाळीच्या शुभेच्छा.” तिने ते ऐकले की नाही, कोण जाणे, पाठ केलेली वाक्ये ती पुढे म्हणतच राहिली. मी फोन ठेवला. पण या खेपेस आदळला नाही.

भाऊबीजेला दर्यापूरला जायचे आहे. मोटार नेईल असे वाटते. न नेली तर वाटेत कोणा अनोळखी माणसाकडे फोन मागावा लागेल. आणि माझा तो नंबर पाहून बहीण उचलील ना, अशी धाकधूक मला वाटेल.