न आलेल्यांची यादी

वाढलेलं बीपी दुखत नाही. शुगरही सुरुवातीची काही वर्षं बहुतेकांना जाणवत नाही. त्यामुळे ‘दुखलं की डॉक्टर’ ही आपली रीत या आजारांपुढे उपयोगाची नाही. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तेव्हा कधी डोळ्यांना, कधी मूत्रपिंडाला इजा होऊन गेलेली असते.

वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळसाखाणीच्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९६० च्या दशकात ही रीत उलटी केली. खोकला, कंबरदुखी, आजारपणाचा दाखला, कशासाठीही कुणी आलं तरी ते त्याचं बीपी मोजत. जे येत नसत त्यांना बोलावून घेत. ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येकाचं नाव कुठल्यातरी डॉक्टरच्या यादीवर असतं, म्हणून कोण राहिलं हे त्यांना कळत होतं. त्यांच्या कामाचा गाभा मला इथेच दिसतो. बीपीचं यंत्र तेव्हाही सगळ्या डॉक्टरांकडे होतं. राहिलेल्यांची नावं शोधणारे मात्र विरळा. पंचवीस वर्षांच्या या कामानंतर शेजारच्या गावाशी तुलना केली, तर ग्लिनकॉरगमध्ये अकाली मृत्यू कमी आढळले. जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी मिळते आणि बाजाराच्या हाती सोपवली की आणखी कमी होते, हे १९७१ मध्ये मांडणारे हार्ट हेच.

आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने मधुमेहींचा अंदाज दहा कोटींवर नेला. आपल्या फॅमिली डॉक्टरांना घर माहीत असतं: आईला मधुमेह, काकांना चाळिशीत झटका, तेव्हा मुलाची शुगर आत्ताच बघायला हवी. कुठल्याही तपासणी-पॅकेजला हे सुचणार नाही. पण ही माहिती त्यांच्या डोक्यातच राहते, आणि फी मिळते ती समोर बसलेल्या पेशंटची. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडून दिलेला रिक्षावाला वर्षभर फिरकला नाही, तर त्याला फोन कुणी करायचा? सरकारी दवाखान्यांत बीपीच्या पेशंटची नोंद ठेवून न आलेल्यांना बोलावण्याचं काम आता महाराष्ट्रातही होतं. गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना त्यात ओढायचं, तर नोंदवहीसाठी नि त्या फोनसाठी महापालिकेने त्यांना रीतसर पैसे द्यावेत.