संशयाची वर्गणी

खऱ्या गुन्ह्यांच्या कहाण्या टीव्हीवर आल्या त्या पोलिसांचं बोट धरून. पश्चिम जर्मनीत १९६७ साली एडुआर्ड त्सिमरमान यांनी सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९८४ साली बीबीसीचं ‘क्राइमवॉच’ आलं, अमेरिकेत १९८८ साली ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’. आपल्याकडे झीवर सुहैब इलियासींचा ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’ याच घराण्यातला. प्रेक्षकाचं काम ठरलेलं: चेहरा ओळखा, फोन फिरवा. पोलिसांची दिशा बरोबरच आहे, थोडी माहिती तेवढी कमी पडतेय, हे सगळ्यांनीच धरून चालायचं.

हे गृहीतक हलवलं एचबीओ या अमेरिकन वाहिनीने, आणि तेही ठरवून नव्हे. १९९३ साली आर्कान्सॉ राज्यातल्या वेस्ट मेम्फिस गावात आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले आणि तीन किशोरवयीन पोरांना अटक झाली. माहितीपटकार जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की एचबीओसाठी तिथे गेले ते पोरं दोषी आहेत असं समजूनच. पण कॅमेरा खटल्यात बसला आणि दिसू लागलं, की एकाच्या संशयास्पद कबुलीजबाबापलीकडे फिर्यादी पक्षाच्या हाती फारसं काही नाही. काळे कपडे, मेटॅलिकाची गाणी, सैतानपूजेच्या वावड्या. एवढ्यावर १९९४ मध्ये त्यांपैकी डेमियन एकोल्सला मृत्युदंडाची आणि इतर दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. १९९६ साली ‘पॅराडाइज लॉस्ट’ हा माहितीपट दाखवला गेला. अडीच तास, एकही जाहिरात नाही. सरकारी पक्षच चुकला असेल, असं म्हणणाऱ्या चित्रपटामागे साबणवाला कशाला उभा राहील? एचबीओ चालत होतं ग्राहकांच्या वर्गणीवर, त्यामुळे तिथे हे खपलं. खबऱ्या असलेला प्रेक्षक आता ज्यूरीत जाऊन बसला.

इथवर मला हा सगळा प्रवास उमदा वाटतो. अडचण पुढे आहे. न्यायालयात रास्त संशय निर्माण झाला की आरोपी सुटतो आणि ज्यूरी घरी जाते. त्याने नाही तर कोणी केलं, हे सांगणं बचाव पक्षावर बंधनकारक नसतं. पडद्यासमोर बसलेल्याला मात्र तेवढ्यावर चैन पडत नाही. ‘पॅराडाइज लॉस्ट’च्या २००० सालच्या दुसऱ्या भागात संशयाची सुई मृत मुलांपैकी एकाच्या सावत्र वडिलांकडे वळली. २०११ च्या तिसऱ्या भागात तेच गृहस्थ तिघांना निर्दोष म्हणताना दिसतात आणि सुई दुसऱ्या मुलाच्या सावत्र वडिलांवर जाते. या खुनांबद्दल त्या दोघांवरही कधी आरोपपत्र दाखल झालं नाही.

२०१५ साली एचबीओनेच ‘द जिंक्स’ या मालिकेत पुढची पायरी गाठली. मुलाखत संपल्यावर स्वच्छतागृहात गेलेला, खुनाचा संशय असलेला रॉबर्ट डर्स्ट, चालू राहिलेला माइक आणि त्यात पकडलेली स्वतःशीच पुटपुटलेली कबुली. शेवटचा भाग लागण्याच्या आदल्या दिवशी त्याला अटक झाली. पुढे २०१९ साली उघड झालं, की मालिकेचा शेवट करणारी त्या कबुलीतली दोन वाक्यं मूळ ध्वनिमुद्रणात त्या क्रमाने नव्हतीच, संकलनात ती जुळवली होती. डर्स्ट २०२१ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला, म्हणून अनेकांना या कात्रीचं काही वाटलं नाही. मला वाटतं. तो निर्दोष सुटला असता तर हीच कात्री आपल्याला कशी दिसली असती?

पडद्यावरच्या निवाड्याचा हा प्रश्न मुंबईत २०२४ साली न्यायालयापुढेच आला. शीना बोरा खून खटला चालू असताना त्यातली आरोपी इंद्राणी मुखर्जी हिच्यावरच्या नेटफ्लिक्स मालिकेला सीबीआयने हरकत घेतली. उच्च न्यायालयाने मालिका आधी पाहायला मागितली, पाहिली आणि रोखायला नकार दिला. न्यायाधीश प्रेक्षक झाले, पण निकालापुरतेच. आपल्याकडे ज्यूरी उरलेली नाही, ही त्यातली सोय.

वेस्ट मेम्फिसचे तिघे ऑगस्ट २०११ मध्ये, १८ वर्षांनी सुटले. अट अशी, की आपण निर्दोष आहोत असं म्हणत राहायचं आणि तरी गुन्हा कबूल केल्याची नोंद होऊ द्यायची. सरकारी कागदांवर ते आजही दोषी आहेत, त्यामुळे खुनी शोधायची जबाबदारी कुणावरच नाही. एकोल्स पुराव्यांची नव्याने डीएनए चाचणी मागत राहिला. ती मागण्याचा त्याला हक्क आहे, एवढं आर्कान्सॉच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते एप्रिल २०२४ मध्ये.