कच्चं घर

ग्रामपंचायतीच्या नोंदीत आमचं घर कच्चं आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी पणजोबांनी ते बांधलं. दगडाचं जोतं, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि मयाली म्हणजे तुळया, वर कवेलू. चार पिढ्यांची बाळंतपणं, लग्नं आणि तेरव्या याच ओसरीवर झाल्या. भिंती मातीच्या, म्हणून नोंद कच्च्याची.

गेल्या वर्षी पश्चिमेची भिंत फुगली आणि घर पाडायचं की दुरुस्त करायचं हा प्रश्न आला. धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं: जेसीबी एका दिवसात जागा मोकळी करून देईल, दिवाळीपर्यंत स्लॅब पडेल. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. दरवर्षी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, वानरांची टोळी एका दुपारी छप्पर उद्ध्वस्त करून जाते, आणि फुटलेल्या कवेलूला जोड मिळायची तर जवळपासच्या कुंभारांनी ते करणं कधीच सोडलं आहे. तरी मी नुकताच नोकरीतून मोकळा झालो होतो. जेवढं अंगमेहनतीचं तेवढं आपण करायचं, जे येत नाही त्याला माणूस लावायचा, असं ठरवून मी हात घातला.

आमच्याकडे या कामाला वर्षातली एकच फट सापडते. दिवाळीपासून कापूस वेचणी असते, तेव्हा बाया शेतात असतात. मृग लागला की पेरणी. मधले फाल्गुन, चैत्र, वैशाख तेवढे घराचे. त्यातही पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की सकाळी सहा ते अकरा हाच कामाचा वेळ. जुन्या घराची दुरुस्ती पंचांगानुसार चालते, ठेकेदाराच्या वेळापत्रकानुसार नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

पश्चिमेच्या भिंतीला वीसेक वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. पावसाची झड त्याच बाजूने येते, म्हणून भिंत पक्की करून घेतली असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. मी छन्नी-हातोडा घेऊन तो गिलावा काढायला बसलो. कमरेच्या वर तो घट्ट होता. खाली, जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत, ठोकला की पोकळ आवाज येई. एक पोपडा ताटाएवढा निघाला आणि मागची माती हाताला लागली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, महिनोन्महिने पाऊस नव्हता, आणि ती माती मळलेल्या कणकेसारखी ओली होती. कडेने क्षाराची पांढरी बुरशीसारखी रेघ. सोबतच्या मिस्त्रींनी चिमूटभर माती बोटांत दाबली आणि म्हणाले, "भाऊ, घाम आलेल्या माणसाले प्लास्टिकचा रेनकोट घातल्यावानी झालं हे."

जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढतेच. पूर्वी ती लिंपणातून आणि चुन्यातून दिवसभरात उडून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली, ओल आत साठली, क्षार वर आले, आणि ज्या भिंतीने पाऊणशे वर्षं पाऊस झेलला ती वीस वर्षांत पायाशी कुजली. वर तिच्यात रुतलेल्या मयालीचं टोकही गेलं होतं. घर कच्चं होतं म्हणून बिघडलं नाही. ते पक्कं करायला गेलो म्हणून बिघडलं. हे वाक्य मी भिंतीसमोर उभं राहून म्हणालो आहे, आणि तिथून माझं मन 'कच्चं' या एका शब्दावर अडून बसलं आहे.

आपल्या जुन्या बोलीत गावाचे दोन भाग होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथातही गावाची ही विभागणी आहे. त्यामागे मातीची पक्की समज होती. आमची कापसाची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. घराला पांढरी माती लागते. कोणत्या मातीत पेरायचं आणि कोणत्या मातीत राहायचं हे ज्या भाषेने दोन शब्दांत सांगून ठेवलं, त्याच भाषेत आज आपण पांढरीच्या घराला कच्चं म्हणतो.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. ज्याच्या डोक्यावर ताडपत्री आहे त्याच्यासाठी हे घरकुल किती मोठं आहे, ते मी गावात पाहिलं आहे. पण त्या योजनेतली पक्क्या घराची व्याख्या नीट वाचावी अशी आहे: वाजवी देखभाल केली तर किमान तीस वर्षं टिकेल ते घर पक्कं. देखभालीची अट व्याख्येतच आहे. ती आपण वाचत नाही. सिमेंट म्हणजे पुन्हा बघायला नको, असा अर्थ आपण करून घेतला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामची बापू कुटी १९३६ सालापासूनच्या वस्तीतली आहे. माती, बांबू, कवेलू. ती उभी आहे कारण तिला सतत हात लागतो. आमच्या गावातल्या कितीतरी स्लॅबच्या सळ्या गंजून छताचे तुकडे पडायला लागले आहेत, कारण त्यांना कोणी हात लावत नाही.

काम सुरू झालं तेव्हा माणसांची वाटणी रूढीप्रमाणे झाली: एक मिस्त्री, एक सुतार, दोन रेजा. पांढरी माती आणली, चाळली, त्यात गव्हांडा आणि शेण घालून गारा भिजत टाकला. रोज सकाळी तो पायाने तुडवायचं काम माझं. चौथ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, झाला. दोघींतली मोठी उठली, मूठभर गारा घेतला, दोन तळव्यांत त्याची वळी केली आणि बोटावर लोंबती धरली. वळी मधेच तुटली. "अजून तीन रोज," ती म्हणाली, "अन् कुटार कमी हाय." मिस्त्री काही बोलले नाहीत. तीन दिवसांनी तीच वळी बोटावर वाकली, तुटली नाही.

त्यानंतर लिंपण त्या दोघींनीच केलं. पहिला हात जाड, तो भेगाळू द्यायचा, मग भेगांत दाबून दुसरा, शेवटी शेणकाला. मिस्त्री सिमेंटचे कारागीर; मातीत ते त्यांच्या हाताखाली होते आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. मजुरीचा रूढ दर मात्र उलटा होता. मिस्त्रीला मिस्त्रीचा रोज, बायांना रेजाचा, म्हणजे घमेलं उचलण्याचा. जे ज्ञान त्या भिंतीला हवं होतं ते ज्यांच्या हातात होतं, त्यांना निम्म्याहून कमी. घराला कच्चं म्हटलं की ते घर जाणणाऱ्या हातांची गणतीही कारागिरांत होत नाही. मी दोघींना मिस्त्रीइतकाच रोज दिला. गावात त्यावर बोलणं झालं, होऊ दे.

मातीचं घर म्हटलं की किल्लारीचा भूकंप आठवतो, आणि आठवलाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे हजारो माणसं आपल्याच घरांखाली गाडली गेली. जाड भिंती गोट्यांच्या, त्यांचे दोन पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचा जड मातीचा थर. जुनं ते सगळंच शहाणं, असं त्या पहाटेनंतर कोणाला म्हणता येणार नाही. म्हणून भिंतीची दुरुस्ती सुरू करण्याआधी यवतमाळहून एक अभियंता बोलावला. त्यांनी दाराच्या डोक्याच्या पातळीवर चारही भिंतींना बांधून घेणारा लाकडी पट्टा सुचवला. सुताराने तो पाडलेल्या एका घराच्या सागातून केला, मयालीचं कुजलेलं टोक कापून त्याच सागाचा सांधा दिला. या दोन कामांत मी हातोडीही उचलली नाही, वायरिंगलाही नाही. कुठे थांबायचं हे ठरवणं हाही घर स्वतः दुरुस्त करण्याचाच भाग आहे.

चुना वणीकडून, राजूरच्या भट्टीचा आणला. कळीचा चुना पिंपात टाकला की पाणी उकळतं. डोळ्यांना चष्मा हवाच. ओसरीवर कवेलू ठेवले. मागच्या सोप्यावर पत्रा टाकावा लागला, वानरांपुढे माझा इलाज चालला नाही.

मृगाच्या आठवडाभर आधी काम संपलं. भावाने ओसरीवर खाट टाकली आणि दुपारभर झोपला. या झडीत पश्चिमेच्या भिंतीचं लिंपण खालून थोडं धुपलं आहे. चैत्रात तेवढा हात पुन्हा द्यायचा.

ज्यांच्या दारात येत्या उन्हाळ्यात जेसीबी उभा राहणार आहे त्यांना माझी एक विनंती आहे. आधी एका दिवसाचा पूर्ण रोज देऊन गावातल्या लिंपणाऱ्या बाईला भिंत दाखवा. हे लवकर करा. आमच्या गावात गारा मुरला की नाही हे हाताने सांगणाऱ्या आता चारच बाया आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत लहान बाईचं वय अठ्ठावन्न आहे.