नमाज, मुली आणि जोखमीचा हिशेब

अॅलन मिलर आणि जॉन हॉफमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९९५ साली एक तर्क मांडला. देवधर्म न मानणं हीसुद्धा जोखीमच. मेल्यावर खरोखर जाब द्यावा लागला तर? पुरुष धोका सहज पत्करतात, म्हणून धर्मात कमी रमतात. बायका जपून वागतात, म्हणून जास्त भाविक. मिलर-हॉफमन यांनी तपासली होती अमेरिकेतल्या शाळकरी तरुणांची मतं.

मुस्लिम समाजाला लावायला गेलं की हा तर्क अडखळतो. प्यू संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अहवालात रोज प्रार्थना करणाऱ्या मुस्लिम स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. दर आठवड्याला मशिदीत जाणारे पुरुष मात्र ७० टक्के आणि स्त्रिया ४२ टक्के. जुम्म्याचा, म्हणजे शुक्रवारचा सामूहिक नमाज पुरुषांवर बंधनकारक आहे, बायकांवर नाही. तेव्हा पुरुष धर्मात कमी रमतात म्हणणार तरी कसं?

जोखमीच्या वागण्याचंच म्हणाल, तर नमाज माणसाला निर्लज्जपणापासून आणि वाईट कृत्यांपासून रोखतो, असं कुराणाच्या अन्कबूत या सूरेत, म्हणजे अध्यायात, सांगितलं आहे. तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. दारूवर पूर्ण बंदी येण्याआधी नशेत नमाजाला उभं राहू नका, असा आदेश आला होता. पहाटेच्या फजरपासून रात्रीच्या इशापर्यंत पाच वेळा शुद्धीत उभं राहायचं म्हटल्यावर प्यायला वेळ उरतो कुठे! नमाजाआधी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, मग डोक्यावरून ओला हात आणि शेवटी पाय असा वुजू दिवसातून अनेकदा करणाऱ्याच्या अंगी एक शिस्त भिनते, हे मानायला हरकत नाही.

पण विद्यापीठात शिकणाऱ्या मुला-मुलींच्या बाबतीत या शिस्तीबरोबर आणखीही काही काम करत असतं. मशिदीत सफेत, म्हणजे नमाजाच्या रांगेत, उभ्या राहणाऱ्या मुलाला तिथे सोबती भेटतात. सिगारेट नाकारताना तो एकटा पडत नाही. मुलगी बहुधा वसतिगृहाच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, अंथरते. तिच्या वागण्यावर पहारा असतो तो वसतिगृहाचं फाटक बंद होण्याच्या वेळेचा, घरून येणाऱ्या फोनचा. एखाद्या पाहणीच्या प्रश्नावलीत ‘नशा कधीच नाही’ यावर तिने खूण केली, तर श्रेय नमाजाला द्यायचं की फाटकाला?

मुलींवरची बंधनं फाटकापुरती नसतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात २०१४ साली पदवीच्या विद्यार्थिनींना मौलाना आझाद ग्रंथालय खुलं करण्यावरून वाद पेटला. मुली आल्या तर मुलांची गर्दी उसळेल, असं कारण तेव्हा पुढे आलं. मुलांच्या वागण्याची जोखीम मुलींच्या पुस्तकांवर टाकली गेली. हे अन्यायाचंच होतं. अशा वातावरणात मुलींचं जपून राहणं हा त्यांचा स्वभाव समजणं म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणं.

मशिदीत स्त्रियांना नमाज पढता यावा, म्हणून पुण्याचं एक दांपत्य २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्त्रियांना मशिदीत येण्याची मुभा आहे, असं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२३ साली न्यायालयाला सांगितलं. आता कॉलेजांजवळच्या मशिदींनी मुलींसाठी वेगळं दार, वुजूची जागा आणि एक सफ राखावी. मग मुलांना मिळते तशी सोबत मिळाल्यावर मुली काय निवडतात, हेही कळेल.